बाबांनी काढलेले दहा सेकंद

फिल्मच्या वर्गात मॅडमनी पहिलाच प्रकल्प दिला तो कॅमेऱ्याशिवाय फिल्म करायचा. प्रत्येकाच्या हातात कोऱ्या, पारदर्शक फिल्मची पट्टी ठेवून त्या म्हणाल्या, "यावरच चित्रं काढा. दहा सेकंद पुरेत." एका सेकंदाला चोवीस, म्हणजे दोनशे चाळीस चित्रं, आणि एका चित्राला जागा करंगळीच्या नखाएवढी.

दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरच्या आमच्या सरकारी क्वार्टरमध्ये मी दोन दिवस स्केचपेननं नुसते ठिपके काढत बसले. बाबा पेपरआडून बघत होते. ते सरकारी बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समन, नागपूरहून बदलीवर आलेले. सिव्हिल सर्व्हिसेसची तयारी सोडून मी या कोर्सला गेले, तेव्हापासून आमचं बोलणं कामापुरतंच होतं. त्यातच त्यांच्या ऑफिसात कॉम्प्युटर आले. नवे नकाशे त्यावर निघू लागले आणि बाबांच्या वाट्याला जुन्या नकाशांच्या फायली लावणं आलं.

रविवारी सकाळी ते जवळ आले. "एवढ्या जाड पेननं कसं होईल, बेटा?"

त्यांनी ट्रंकेतून शाईची पेनं आणि भिंग काढलं, सेंटर टेबलच्या काचेखाली टेबललॅम्प ठेवला. "काय काढायचं?"

"तुम्हाला वाटेल ते."

त्यांनी मजल्यावर मजला चढत जाणारी इमारत निवडली. तेव्हा गुडगावच्या गव्हाच्या शेतांत तशा इमारती उठत होत्या. बाबांनी आयुष्यभर इमारती कागदावर काढल्या होत्या. एखादी उभी राहताना बघायला मात्र कुणी त्यांना बोलावलं नव्हतं.

तीन रविवार आम्ही त्या टेबलाशी बसलो. ते काढायचे, मी फिल्मच्या कडेची भोकं मोजून पुढच्या चित्राची जागा दाखवायची आणि शाई वाळवायची. रेघ चुकली की अर्ध्या ब्लेडनं ती अशी खरवडायचे की खाली ओरखडाही राहत नसे. एकदा मान वर न करता म्हणाले, "तुझे आजोबा गवंडी होते. नकाशा वाचता यायचा नाही त्यांना. इंजिनियर शिव्या द्यायचा. म्हणून मी हे शिकलो." मला हे ठाऊकच नव्हतं.

फिल्म दाखवायच्या दिवशी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून वर्गात आले आणि शेवटच्या ओळीत बसले. पडद्यावर इमारत उभी राहू लागली, पण तिची प्रत्येक रेघ थरथरत होती. बाबा ताडकन उठले.

"ये हिल रहा है. मेरी लाइन हिलती नहीं!"

"हाथ से बनी है ना, सर," मॅडम म्हणाल्या. "हिलेगी ही. मुझे तो यही अच्छा लगा."

बाबा पुन्हा पडद्याकडे वळले. मग हळूच म्हणाले, "एक बार फिर लगाएँगी?"

फिल्म तीनदा लागली. तिसऱ्यांदा गच्चीवरची पाण्याची टाकी डुलली तेव्हा सगळ्यांत आधी बाबाच हसले.

वर्षभर टाळलेल्या ऑफिसच्या कॉम्प्युटर क्लासला त्यांनी पुढच्याच आठवड्यात नाव दिलं. "सगळी तुझ्या वयाची असतील," एवढंच म्हणाले.

पुढं त्या वर्गात मी खूप शिकले. पण ते तीन रविवार मला मॅडममुळे मिळाले, आणि याबद्दल त्यांचे आभार तेव्हा मानायचे राहूनच गेले. प्रकल्पाच्या कागदावर विद्यार्थ्याच्या नावाच्या जागी मी दोन नावं लिहिली होती. मॅडमनी दोन्ही तशीच राहू दिली.