गुर्येवला पोचवलेली बोट

‘माहीत नाही’ हे दोन शब्द तरुणपणी माझ्या तोंडून निघत नसत. लालबागच्या आमच्या चाळीत मी एकटा कारकून, शिवाय रशियाचं सचित्र मासिक वाचणारा. मग काय विचारता!

शेजारच्या मालवणी म्हातारीचा मुलगा तेलाच्या बोटीवर खलाशी होता. त्याची पत्रं कंपनीच्या कचेरीत येत. दर शनिवारी ती चालत जाऊन चौकशी करी आणि आलेलं पत्र मी वाचून दाखवी. एकदा दीड महिना पत्र नाही.

“खंय असात रे तो?” तिनं विचारलं.

मासिकात नुकतंच गुर्येव शहर पाहिलं होतं. तेलाच्या विहिरी, मधून नदी. एका काठाला युरोप, दुसऱ्याला आशिया. म्हटलं, “तेलाची बोट आणखी कुठं जाणार? गुर्येवला! तिथं नदी गोठली की टपाल बंद. चैत्रापर्यंत हेलपाटे घालू नका.”

म्हातारी खुलली. नळावर सांगू लागली, “माझो झील आशियात जेवता नि युरोपात निजता!”

संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चाहून परतलेला एक गिरणीकामगार म्हणाला, “मग तिथंही सीमाप्रश्न असणारच की!” सगळे हसले. सर्वांत मोठ्यानं मी.

चैत्र लागायच्या आधी चाळीतल्या भूगोलाच्या मास्तरांनी माझ्यापुढे नकाशा उघडला. “अहो, ही नदी कॅस्पियनला मिळते. तो समुद्र चहूबाजूंनी बंद. तुमची बोट काय डोक्यावरून नेली?”

म्हातारीच मास्तरांवर उखडली. “तुमी गेल्लास काय थंय? तो वाचून सांगता!”

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी तिला कचेरीत नेलं. पत्र दोन महिने तिथं पडून होतं. मुलाला आजारी म्हणून एडनला उतरवलं होतं. मी वाचू लागलो, ‘आई, इस्पितळात आहे. तुझ्या दोन ओळी आल्या तर बरं वाटेल. रोज वाट बघतो.’

ती तिथंच बाकावर बसून म्हणाली, “उत्तर लिव. पाय दुखत होते, म्हणान मी कचेरीत गेलंय नाय. चूक माझीच.”

मी लिहिलं. वळणदार अक्षरात, एकही खाडाखोड न करता.