नुसत्या पाण्याचा कप

पिपलानीहून दादाचा फोन आला, "सुधा गेली रे…" आणि माझा विश्वासच बसेना. दोनदा खात्री करून घेतली. आदल्याच रविवारी वहिनी दुधात पाणी आहे की नाही यावर गवळ्याशी वाद घालत होती. संशय घेण्याची सवय मुळात तिची, घरात आम्हा सगळ्यांना लागलेली.

दादा पिपलानीच्या सरकारी कारखान्यात इंजिनिअर, घर कारखान्याच्याच टाउनशिपमध्ये; वहिनी टाउनशिपबाहेरच्या एका प्रयोगशाळेत. कातडीला चिकटपट्टी लावून ओढायची, पट्टीवर आलेल्या थरातलं नेमकं एक प्रथिन अँटीबॉडीनं पकडायचं आणि प्लेटच्या खळग्यात किती रंग येतो त्यावरून ते मोजायचं, हे तिचं काम. पण काही खळगे ती कातडीशिवाय ठेवायची. तिथंही रंग आला, तर निकालावर भरवसा ठेवायचा नाही. घरीही तेच. चहाची नवी पुडी फोडली की आधी एका कपात नुसतं गरम पाणी ओतून हुंगायची. पाणीच वास मारत असेल तर चहाला कशाला बोल लावायचा, म्हणायची. शेजारचे तिवारीजी विचारायचे, "भाभीजी, आज चाय मिलेगी या जाँच ही होगी?"

मी मंडीदीपला क्रीमच्या एका कारखान्यात तात्पुरत्या नोकरीवर होतो. आमच्या क्रीमनं ते प्रथिन वाढतं असा निकाल आला, की मला कायम करणार होते. तपासणी नेमकी वहिनीकडे गेली. घरचंच माणूस, म्हणून मी निर्धास्त. एका संध्याकाळी तिनं मला स्वयंपाकघरात बोलावलं.

"भाऊजी, नुसतं क्रीम घातलेल्या खळग्यातही रंग आलाय. कातडीचा पत्ताच नाही तिथं. मी प्रथिन वाढलं असं लिहून देणार नाही."

नोकरी गेली. दिराचं बरं झालेलं हिला बघवलं नाही, असं मी धरून बसलो. पुढे ती आग्रहानं वाढायची तेव्हाही वाटायचं, हे प्रेम की भरपाई? तिला ते कळत असणार… बोलली मात्र कधीच नाही.

परवा पिपलानीला गेलो तेव्हा दादानं सांगितलं, की त्या वेळी तिनं सहकारी बाईंकडून नमुन्यांची नावं झाकून घेतली होती आणि सगळी तपासणी पुन्हा केली होती. त्यानं कारण विचारलं तर म्हणाली होती, "भाऊजींचा निकाल चांगला यावा असं मला फार वाटतंय. म्हणून माझाच भरवसा नाही मला."

आता हे तरी खरं कशावरून? दादा बायकोची बाजू घेणारच. तो उठला, चहाची नवी पुडी फोडली, आणि आधी नुसत्या गरम पाण्याचा कप भरून माझ्यापुढे ठेवला. मी हुंगलं… पुन्हा हुंगलं.

पाण्याला कसलाही वास नव्हता.