कमलताई आणि चिंचेखालची बुधी

कॉम्प्युटरचं टेबल मी केलं.
लाइट गेली की जीपच्या बॅटरीवर कॉम्प्युटर चालवायची जोडणी मी केली.
लॅबमधून ईमेलने आलेला रिपोर्ट आपोआप पेशंटच्या नावाखाली लावणाऱ्या प्रोग्रामची मांडणी मी केली. एकही क्लास न लावता.

त्या मांडणीतली माणसं ओळखणाऱ्या कमलताई आज सकाळी गेल्या.

जव्हारच्या आमच्या छोट्या दवाखान्यात त्या नर्स होत्या, मी कॉम्प्युटरवर. मूळच्या जामसरच्या.

आमच्याकडे जन्मवारावरून नावं ठेवतात. एकेका पाड्यावर दोन-दोन बुधी. म्हणून मी प्रोग्राममध्ये एक जादा रकाना केला होता. ताई सांगायच्या, मी टाइप करायचो. ‘विहिरीजवळची’. ‘चिंचेखालची’.

"लिव नीट, इंजिनेर. धावी नापास हायस, चिंच तरी येते ना लिवता?"

मग ज्या कंपनीचा तो प्रोग्राम होता, तिने तो बंदच केला. नवा बसवायला ठाण्याहून साहेब आले. नव्यात जादा रकाना नव्हता.

"एकाच गावात तेच नाव दोनदा? डुप्लिकेट होते. मर्ज करून एकच केलेत."

मी म्हणालो, जुना काही दिवस शेजारी चालू राहील. साहेब हसले. मी जुन्या कॉम्प्युटरची वायर काढू दिली नाही.

त्याच आठवड्यात दाभोशाच्या दोन्ही बुधींचे रिपोर्ट आले.
नव्या स्क्रीनवर एकच बुधी. वरचा रिपोर्ट नॉर्मल. डॉक्टर पुढच्या पेशंटकडे वळले.

जुन्या स्क्रीनवर दोघी. चिंचेखालची पोटुशी, रक्त अगदीच कमी.

ताईंनी वाचलं आणि त्या अनवाणीच जीपकडे धावल्या. बाजाराचा दिवस, प्रवासी जीप खचाखच.

"उतरा समदे! बाजार पुढल्या आठवड्यात बी भरंल."

बुधीला नाशिकला नेलं. बुधी वाचली.
बाळ नाही.

ताई मला एवढंच म्हणाल्या, "त्या सायबाला बोलव. इला दाखव. म्हनावं, हीच ती जादाची."

साहेब जमणार नाही म्हणत होते, तो रकाना मी नव्यात बसवला. सगळी नावं ताईंनी पुन्हा तपासली. मगच जुन्याची वायर काढली. ताईंनीच.

आज दुपारी बुधी आली होती. ताईंच्या पायांशी बसून मला म्हणाली, "दादा, आता आमाला कोन वळखंल?"



तो रकाना पाहून कंपनीने मला ठाण्याला नोकरी देऊ केली होती. ताई म्हणाल्या होत्या, "जा रं. हितं काय पुरलंय तुझं?"
नाही गेलो. तिथे कोणती बुधी कुठली, कुणाला विचारणार होतो?

महिना बारा हजार देत होते.

या आता, ताई. रकाना चालू आहे.