मामांच्या डोळ्यांवरची पट्टी

शिंपीमामांना मामी दर रविवारी डोळे बांधून खुर्चीत बसवते आणि बदडते, अशी बातमी गल्लीभर झाली होती. बातमी समोरच्या खिडकीतल्या काकूंची. मामांच्या डोळ्यांवर अस्तराच्या कापडाची पट्टी, मागे मामी उभी आणि मामा म्हणतायत, "परत एकदा. हां, आता बरं वाटतंय." एवढं काकूंनी खरंच पाहिलं-ऐकलं होतं. 'दर' आणि 'बदडते' हे पदरचं.

आग लावली मामीच्या भावाने. मामांकडे जुना सीडी प्लेअर होता, त्याला आवाज सुधारणारा एक डबा जोडलेला होता, आणि कोट शिवता शिवता मामा सुखाने गाणी ऐकत होते. हे सुख मेहुण्याला बघवेना.

"दाजी, सीडी नुसती वाचायला वेगळं मशीन मिळतं. ट्रान्सपोर्ट म्हणतात. दुसरं काही करतच नाही ते."

"मग तुझी नि त्याची गट्टी जमेल," मामी म्हणाली.

तरी ते मशीन आलंच. नाही पटलं तर सोमवारपर्यंत परत आणा, असं दुकानदार म्हणाला होता. काजं-बटणं मामी करायची. तिच्या फळीवर मशीन चढलं आणि बटणांच्या बरण्या पलंगावर गेल्या. कूस बदलली की पाठीखाली खुळखुळाट.

मामा मात्र तरंगत होते. "अगं, गाणं कसं खांद्यात बसलंय बघ. आधी बगलेत ओढत होतं."

"मला तर तेच गाणं ऐकू येतंय."

"तुझे कान तयार नाहीत."

हे मामीला झोंबलं. "बांधा डोळे. डब्याची वायर कधी जुन्याला लावीन, कधी नव्याला. ओळखलंत तर बरण्यांसकट पलंगावर सुखाने नांदेन. चुकलात तर फळी माझी."

मामा ताठ बसले. मागे खुडबुड झाली, गाणं लागलं.

"हा जुना. कोंदट. कॉलरमध्ये गळा अडकलाय."

पुन्हा खुडबुड.

"परत एकदा. हां, आता बरं वाटतंय. हा नवा. काय मोकळा सुटलाय."

पट्टी सोडून मामा ऐटीत वळले. "बरोबर ना?"

"ते उंच साहेब कोट घट्ट होतो म्हणून कुरकुरतात, तेव्हा तुम्ही काय करता?"

"पडद्यामागे नेतो, इस्त्री फिरवतो, तसाच आणून देतो."

"मग साहेब काय म्हणतात?"

"म्हणतात, आता कसा झकास..." इथे मामांचा धागा तुटला. त्यांनी वायरीकडे पाहिलं, मग मामीकडे, आणि पट्टीची घडी घालत बसले.

सोमवारी मामा मशीन काखेत मारून निघाले. ते घर सोडून गेले, असं काकूंनी लगेच कळवलं. संध्याकाळी परत आले तेव्हा बरण्या फळीवर होत्या आणि जुना प्लेअर गात होता.

मामांनी जरा कान दिला. "आज बरा वाजतोय गं."

"इस्त्री फिरवली मी त्याच्यावर," मामी म्हणाली.

मामांना कुणी मारलं नव्हतं. डोळे मात्र बांधले होते. वायर दोन्ही वेळा जुन्या प्लेअरलाच होती. एकदा तिथे लावल्यावर मामीने ती पुन्हा हलवलीच नव्हती.