हरणाबाईच्या हनुवटीवरचे तीन ठिपके

येडशीच्या स्टेशन रोडला बब्रुवानचा फोटो स्टुडिओ आहे. आमच्या भागातली निम्मी लग्नं त्यानं काळ्या-पांढऱ्यात टिपली. नवरा-नवरीला दरडावायचा, "हसू नका, श्वास धरा!" म्हणून तेव्हाचे सगळे नवरदेव पोलिसांनी धरून आणल्यासारखे दिसतात. मीही त्यातलाच.

माझी मंडळी हरणाबाई मागल्या साली गेली. वर्षश्राद्धाला भिंतीवर लावायला नात राजनंदिनीनं मोबाईलातला फोटो मोठा करून आणला. रंगीत, गुळगुळीत. मी बघतच राहिलो.

"नंदे, हनुवटीवरचे गोंदणाचे तीन ठिपके कुठं गेले?"

"आबा, मोबाईल चेहरा आपोआप साफ करतो. त्याला डाग वाटले असतील."

मोबाईलातले सगळे फोटो तसलेच. लग्नाचा फोटो तर वाळवीनं कधीच खाल्लेला. श्राद्ध चार दिवसांवर, आन् भिंतीवर परकी बाई लावू?

आम्ही येडशी गाठली. सगळं ऐकून बब्रुवान खो-खो हसला.

"ज्ञानोबा, हीच चूक म्या पन्नास वर्षांमागं केलती, विसरलास व्हय? निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवून म्या लोकांचे डाग झाकायचो. तुमच्या लग्नाच्या फोटोत वहिनींचं गोंदणबी झाकलं. फोटो बघून वहिनी थेट दुकानात! 'माझ्या आईनं गोंदवलेलं पुसणारे तुम्ही कोण वो?'"

"मग?" नातीनं विचारलं.

"मग काय, निगेटिव्हवरची पेन्सिल कापसानं पुसली अन् तिच्यावरनंच नवा फोटो छापून दिला. तवापासून कुणाच्या तोंडाला हात लावला न्हाय."

बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत त्यानं सालवार निगेटिव्ह जपल्यात. पोरं म्हणतात, भंगारात घाला. हा ऐकत नाही. दुपारपर्यंत आमची सापडली. अंधाऱ्या खोलीत, लाल दिव्याखाली, त्यानं यंत्रातून नुसता हरणाबाईचा चेहरा मोठा करून कागदावर पाडला अन् तो अजून कोराच दिसणारा कागद औषधाच्या पाण्यात सोडला. आधी केस उमटले, मग कुंकू, मग हनुवटी. एक, दोन, तीन. मी मोठ्यानं मोजले.

"आजी किती रागानं बघतीय!" राजनंदिनी म्हणाली.

"राग न्हाय गं," बब्रुवान म्हणाला, "श्वास धरलाय."

श्राद्धाला हरणाबाईची थोरली बहीण म्हाळसाबाई आली. फोटोपुढं थांबली, स्वतःच्या हनुवटीवरचं गोंदण चाचपलं आणि म्हणाली, "हां, ही आमची हरणी."

पंगतीत पहिलं पान मी बब्रुवानला वाढलं, माझ्या हातानं.