दत्ताभाऊंचा चेहरा

कोणत्याही घरात शिरल्यावर दत्ताभाऊ उतेकर आधी चुलीजवळचा लाकडांचा ढीग काठीने हलवून बघत. पाणी त्यानंतर घेत. पोलादपूरच्या एका दवाखान्यात ते जखमांची मलमपट्टी करणारे ड्रेसर होते. साप चावलेली माणसे मांत्रिकाकडून उशिरा येताना त्यांनी नोकरीभर पाहिली. निवृत्तीनंतर वाडीवाडीत फिरून ते एकच सांगत, "बांधायचं नाय, कापायचं नाय, चालवायचं नाय. गाडीत घाला नि दवाखाना गाठा." कुणी मांत्रिकाची बाजू घेतली की म्हणत, "त्याला सोताला साप चावला तेव्हा तो कुठं आला, ते मला इचार. त्याच्या खाटेशी मीच बसलेलो."

मी महाडला बातमीदार होतो. पहिल्याच भेटीत त्यांनी मला सुनावले की माझ्या बातमीत साप मोठा आणि दवाखाना लहान असतो. पुढे एका पावसाळ्याआधी हेच सांगणारा त्यांचा दीड मिनिटाचा व्हिडिओ मीच काढला. भाऊंनी तो प्रत्येक वाडीच्या ग्रुपवर टाकायला लावला. मुंबईला कामाला असलेल्यांना बजावले की घरच्या म्हाताऱ्यांना दाखवा. माणसे खरोखरच लवकर दवाखान्यात येऊ लागली.

पुढच्या वर्षी दुसरा व्हिडिओ फिरू लागला. चेहरा भाऊंचा, आवाज भाऊंचा, पांढरा सदराही तोच. त्यात भाऊ सांगत होते की जिभेवर हे थेंब टाका, विष उतरेल, दवाखान्याची घाई नको. खाली बाटली मागवायचा नंबर होता. भाऊ यातला एक शब्दही बोलले नव्हते. तो व्हिडिओ एआय वापरून बनवलेला होता.

पोलिसांनी अर्ज घेतला. नंबर बंद होता, पत्ता नव्हता. ज्या ॲपवर जाहिरात चाले, त्या कंपनीने भाऊंना कळवले की नियमभंग आढळला नाही. व्हिडिओ खोटा असल्याची बातमी मी भाऊंच्या फोटोसह छापली. थोड्याच दिवसांत नव्या जाहिरातीत आमच्या अंकाचे कात्रण दिसू लागले. मथळा कापला होता, फोटो ठेवला होता.

भातकापणीत एका वाडीतल्या पार्वतीला शेतात साप चावला. नवऱ्याने थेंब दिले आणि संध्याकाळपर्यंत वाट पाहिली. दवाखान्याच्या वाटेवर ती गेली. भाऊ भेटायला गेले तेव्हा मी बरोबर होतो. नवरा चिडला नाही. त्याने भाऊंना बसायला घोंगडी टाकली आणि म्हणाला, "तुमी सांगितलं तसंच केलं, भाऊ. एक थेंब चुकवला नाय."

भाऊंनी खुलासा केला नाही. घाटीची पायवाट उतरताना मला म्हणाले, "माझं ऐकायची सवय मीच लावली रे त्यांना."

त्यानंतर ते वाड्यांवर गेले नाहीत. मिशी काढली, पांढरे सदरे वाटून टाकले. बाजारात एक बाई त्यांना म्हणाली, "मोबाइलात बरे दिसता. हितं किती वाळलात." भाऊ भाजी न घेताच परतले.

गेल्या हिवाळ्यात ते वारले. त्यांची मुलगी महाडला शिक्षिका आहे. वडिलांचा चेहरा जाहिरातीतून काढा, असे तिने कंपनीला पुन्हा लिहिले. उत्तर आले : चेहऱ्याच्या वापराविषयीची तक्रार त्या व्यक्तीने स्वतः करावी.

पाऊस तोंडावर आला आहे. जाहिरात चालू आहे.