कूलरच्या सळीला बांधलेली वायर

सासरे गेल्यावर त्यांचा रेकॉर्ड प्लेअर आर्णीला, माझ्या थोरल्या साडूंकडे गेला. या उन्हाळ्यात त्यांनी तो आपणहून आमच्याकडे यवतमाळला पाठवला. आपणहून, हेच मला खटकलं. चालती वस्तू कोण पाठवतं?

आमच्या अँप्लिफायरला जोडून लावून पाहिला. सासऱ्यांचं आवडतं भजन लागलं, पण त्याच्या खाली एकसारखी घरघर. आवाजाचं बटण दोनवर असेपर्यंत चालून जायचं. तीनच्या पुढे भजन कमी, घरघर जास्त. सुई उचलली तरी ती होतीच. म्हणजे दोष रेकॉर्डचा नव्हता.

"चांगली पिन काढून ठेवली असन त्यायनं," मी सुईकडे बोट दाखवत बायकोला म्हणालो.

"जिजाजी असे नाहीत," ती म्हणाली. पण बहिणीला रोज होणारा तिचा फोन त्या दिवसापासून बंद झाला.

प्लेअरच्या मागे एक बारीक हिरवी वायर लोंबत होती. ती अर्थिंगची, एवढं मला कळत होतं. आमच्याकडे कूलरचा पत्रा झिणझिण्या देतो, म्हणून खिडकीखाली जमिनीत लोखंडी सळी ठोकून कूलरची वायर तिला बांधतात आणि सळीपाशी माती ओली ठेवतात. मी हिरव्या वायरीला जोड दिला, ती खिडकीतून बाहेर काढली आणि त्याच सळीला बांधली. वर बादलीभर पाणी ओतलं.

घरघर वाढली. कूलर बंद केला, फ्रिज बंद केला, शेजाऱ्यांची मोटर थांबेपर्यंत वाट पाहिली. फरक नाही. मशीन बाद आहे आणि साडूंना ते ठाऊक होतं, अशी माझी खात्री झाली.

रविवारी ते स्वतःच आले. बसायच्या आधी प्लेअरच्या मागे वाकले, वायरीच्या मागे मागे खिडकीपर्यंत गेले आणि बाहेर डोकावले.

"हा का कूलर हाय, भाऊ? पाणी बी टाकून राह्यले!"

"अर्थिंगचीच आहे ना ती?"

"हाय ना. पण तिले इथं लावतेत." त्यांनी अँप्लिफायरच्या मागच्या स्क्रूवर बोट ठेवलं. "प्लेअर अन् हा डबा एकमेकाले बांधाले पायजे. तुमी एकाले अंगणात बांधलं, दुसऱ्याले भिंतीतल्या अर्थिंगले. मंग घरघर नाही करन तं काय करन? पाठवतानी सांगतलं होतं मी."

सांगितलं नव्हतं. मला अजूनही तसंच वाटतं.

वायर स्क्रूखाली दाबली. बटण तीनवर नेलं, चारवर, पाचवर. शांत. मग भजन लावलं. दुसऱ्या कडव्यात सुई एका चऱ्यावर अडकली आणि बायकोनं न बघताच बोट लावून ती पुढे सरकवली.

"बाबा असंच करत," ती म्हणाली.

"पिन बी बाबाचीच हाय," साडू म्हणाले.

पिनचं त्यांना कोणी विचारलं नव्हतं. मी बायकोकडे पाहिलं. ती रेकॉर्डकडे पाहत राहिली. म्हणजे फोन बंद नव्हता. फक्त माझ्यासमोर होत नव्हता.

साडू गेल्यावर तिनं स्वयंपाकघरातून बहिणीला उघड फोन लावला. मी बटण एकवर आणलं. आता घरघर नसल्यामुळे सगळं स्वच्छ ऐकू येत होतं.

"अवं ताई, कूलरच्या सळीले बांधली होती यायनं," ती हसत सांगत होती. "हो, पाणी टाकून!"

पिनचा विषय तिनं काढला नाही. निदान मी ऐकत होतो तोवर तरी नाही.